दाल्वाची दोरी

कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी दाल्वा तिला उलटा हात लावायची. आपण तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतो तसा. कॅन्टीनमधला चहाचा ग्लास असो, माझ्या स्कूटीचं हँडल असो, नाहीतर क्रेनशिवाय न हलणारी लोखंडी प्लेट असो. आधी उलटा हात, मग क्षणभर गप्प, आणि मग प्रश्न. आमच्याकडे आल्यावर तिनं पहिलं मराठी वाक्य उचललं ते हेच, आणि तेसुद्धा माझ्याकडून घोटून घोटून घेतलं: "हे कोणी केलं?"

पहिल्याच दिवशी तिनं चहाच्या ग्लासाबद्दल विचारलं. मी म्हटलं, कंपनीनं केला असेल कुठल्या तरी. तिनं मान हलवली आणि स्वतःचे दोन्ही पंजे माझ्यापुढे धरून इंग्रजीत म्हणाली, "कंपनीला हे नसतात." समोरच्याला उत्तर माहीत नसलं की ती बोट हलवून म्हणायची, "छान नाही." तिचं दुसरं मराठी वाक्य ते. तिसरं होतं "पुन्हा", आणि त्या शब्दानं आमच्या कारखान्यातल्या भल्याभल्यांना घाम फोडला.

मी सातपूरला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. पाण्याच्या टाक्या, जिने, शेडचे सांगाडे, असली कामं आमच्याकडे होतात. परदेशातल्या एका कलासंस्थेची योजना होती की कलाकारानं काही महिने कामगारांच्या गावात राहून काम करायचं. आमच्या शेठनी मागची रिकामी शेड द्यायचं कबूल केलं आणि ब्राझीलहून दाल्वा आली. वय सत्तरीला टेकलेलं. सावळा रंग, पोरासारखे बारीक कापलेले पांढरे केस, पायात आमच्या वेल्डरांसारखे जाड बूट. उजवा खांदा थोडा उतरलेला, कारण आयुष्यभर हातोडा त्याच हातानं चालवलेला. तिची भाषा पोर्तुगीज, इंग्रजी मोडकं. माझं इंग्रजी आमच्या घरात माझ्याआधी कुणी न बोललेलं, कॉलेजात घाम गाळून मिळवलेलं. शेठ म्हणाले, "मनीषा, तू बीए इंग्लिश. या बाईंना तू सांभाळ." दोन मोडकी इंग्रजी एकमेकींना धरून उभी राहिली आणि काम चाललं.

तिला मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. "दाल्वा," ती छातीवर हात ठेवून सांगायची. शेडमधल्या पोरांनी दोन दिवसांत त्याचं दळवी करून टाकलं. फाटकावरचे पवारबाबा तर तिला आल्या-गेल्या सलाम ठोकायचे, "नमस्कार दळवी मॅडम!" तिनं ते हसून चालवून घेतलं. मला म्हणाली, "माणसाला आपलं नाव दिलं म्हणजे त्याला ठेवून घेतलं."

आमच्या कारखान्यात ही बाई कोण आहे हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मी एकदा मोबाइलवर शोधलं आणि जेवण तसंच राहिलं. युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत तिची कामं. एका ठिकाणी तर तीन मजले उंच भिंत भरून लोखंडी पत्र्यांची पाखरं. मी फोन घेऊन शेठकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, परत वर केला.

"ही आपली दळवी?"

"हो, शेठ."

"अगं, मग एवढी मोठी बाई आपल्या कॅन्टीनचा उपमा कशी खाते?"

ती उपमा खायची, आणि वाढणाऱ्या बाईला रोज विचारायची, हे कोणी केलं. ती बाई पण रोज लाजून म्हणायची, "मीच की हो मॅडम." ब्राझीलच्या बाईला माहीत होतं तरी ती रोज विचारायची आणि हिला माहीत होतं तरी ही रोज लाजायची. एका महिन्यात उपमा सुधारला. हे मी खोटं सांगत नाही.

दाल्वाची राहायची सोय इंदिरानगरला एका फ्लॅटमध्ये होती. तिथून आठ दिवसांत तक्रार आली. खालच्या मजल्यावरच्या काकू मला फोनवर म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या पाहुण्या सकाळ-संध्याकाळ गच्चीत उभ्या राहून लोकांच्या दोऱ्यांकडे टक लावून बघतात. बायकांचे कपडे असतात, बरं दिसतं का?" मी घाबरतच विचारायला गेले. दाल्वानं मला हाताला धरून गच्चीत नेलं आणि समोरच्या इमारतीकडे बोट केलं. त्या घरात नवं बाळ आलंय, बघ लंगोट. त्या घरातला माणूस आता रात्रपाळीला जातो, त्याचा शर्ट सकाळी ओला असतो. त्या बाईचं आज भांडण झालंय, तिनं चादर पिळली नाही, तशीच फेकली दोरीवर. ती दोऱ्या वाचत होती. जन्मभर मी कपडे वाळत घातले, पण दोरीकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

तिथंच गच्चीत तिनं मला तिचं सांगितलं, आणि मग मला कळलं की आमच्या शेडमध्ये काय बनणार आहे.

ब्राझीलच्या डोंगराळ मुलखातलं तिचं गाव. गावात एकच मोठा पोलादाचा कारखाना. बाप भट्टीवर. आई लोकांचे कपडे धुवायची. गावाच्या हवेतच लोखंडाची लाल धूळ. आईनं धुतलेले पांढरे कपडे दोरीवर वाळेपर्यंत तांबूस व्हायचे आणि ती पुन्हा धुवायची. दाल्वाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर छातीशी एक लाल डाग होता, तो कधीच गेला नाही. भट्टीवाल्याची पोर म्हणून वर्गातल्या पोरी त्या डागावर बोट ठेवायच्या. कॉलेजात जाणारी तिच्या घरातली ती पहिली. हे सांगताना तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "तू पण?" मी म्हटलं, मी पण. आमचे माळी लोक, मखमलाबादच्या बाजूला भाजी आणि फुलं करतात. माझ्या आधी पदवी कुणाला नाही. तिनं उलटा हात माझ्या गालाला लावला. मला वाटलं आता विचारते की काय, हे कोणी केलं.

पुढं तिनं शाळेत चित्रकला शिकवली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, बसच्या पाठीवर नावं लिहिली. पहिलं प्रदर्शन तिनं एका लॉन्ड्रीत भरवलं होतं, कारण दुसरं कुणी जागा देईना. नाव झालं ते केस पांढरे व्हायला लागल्यावर. जगभर झालं, पण तिच्या गावात कधी काही लागलं नाही. आता तो पोलादाचा कारखाना बंद पडला होता आणि त्याच भट्टीच्या शेडचं कलादालन होत होतं. पहिलं काम दाल्वाचं लावायचं ठरलं होतं. तिचा बाप जिथं उभा राहायचा त्या जागेवर, तिच्या आईची दोरी. लोखंडाच्या चादरी, सदरे, परकर, लहान पोरांचे कपडे, दोरीवर वाऱ्यानं हलल्यासारखे, आणि त्यांच्यावर गंजाचे लाल डाग. खांदा आता साथ देत नव्हता. डॉक्टरांनी हातोडा बंद करायला सांगितला होता. "हे शेवटचं मोठं," ती म्हणाली. आवाजात रड नव्हती. गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

लोखंडाचे कपडे करायचं काम आमच्या भास्करमामांकडे आलं. भास्करमामा फोरमन, गाव सिन्नरच्या पलीकडं, हातात कला आणि तोंडात तंबाखू. पहिला सदरा त्यांनी झोकात बनवला. गॅसनं तापवून, ठोकून, छान वळवला. दाल्वानं उलटा हात लावला आणि म्हणाली, "पुन्हा."

दुसरा केला. "पुन्हा."

तिसऱ्याला मामांनी तंबाखू थुंकली. "मनीषाताई, विचारा त्यांना काय खोट हाय ती."

मी विचारलं. दाल्वानं मामांच्या अंगातल्या शर्टाकडे बोट केलं. काढा. सगळी शेड थांबली. मामांनी इकडं-तिकडं बघितलं आणि शर्ट काढून दिला. तिनं तो नळाखाली भिजवला, पिळला, झटकला आणि तारेवर टाकला. स्वतः समोर पालथ्या बादलीवर बसली. मामांना शेजारी बसवलं. सगळी जेवणाची सुट्टी दोघं तो शर्ट वाळताना बघत बसले, मामा बनियनवर. पोरं सोडतात होय?

"मामा, मॉडेलिंग का?"

"मामा, घरी मामींना कळवू का, पहिल्यांदाच कपडे धुतलेत म्हणून?"

मामांची नजर शर्टावरच. थोड्या वेळानं ते उठले, शर्टाच्या बाहीजवळ गेले आणि वाकून बघत म्हणाले, "आयला. पाणी खाली उतरतं तसं कापड जड होतं. वरनं सुकतं, खालनं ओढतं." परत येऊन त्यांनी चौथा सदरा केला. बाही खाली ओढलेली, खांदा सुकलेला. दाल्वानं हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्या दिवसापासून मामांनी तिचा एक शब्द खाली पडू दिला नाही. पोरांना ते सांगायचे, "बाईनं मला माझाच शर्ट दाखवला रे. वीस वर्षं घालत होतो नुसता."

दाल्वाची एक सवय मात्र वाईट होती. चालू कामाबद्दल ती बोलायची नाही. काम पुरं झालं की बोलायचं. गच्चीतली ती गोष्ट तिनं मला सांगितली तीही कुणाला सांगायची नाही या अटीवर. कपडे तयार झाले तसे तिनं ते मागच्या उघड्या यार्डात तारेवर टांगले आणि पावसाळाभर तसेच ठेवले. रोज सकाळी जाऊन बघायची. हळूहळू लाल चढत गेला, कुठं नारिंगी, कुठं काळपट, पाण्याचे ओघळ जिथून गेले तिथं रेघा. मी काही चित्रातली जाणकार नाही, पण भर पावसात ती लोखंडी दोरी बघितली की मी छत्री धरून तिथंच थांबायचे.

आमच्या लोकांनी मात्र त्याचा वेगळा अर्थ लावला होता, आणि त्यांच्या बाजूनं तो बरोबरच होता. आमच्याकडे माल यार्डात गंजतोच, शेडमध्ये जागा कुठाय? डिस्पॅचच्या आधी घासायचा, लाल प्रायमर मारायचा, वरून ऑइल पेंट. ही रीतच आहे. आणि त्यात दसरा आला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कारखाना धुऊन काढतात, मशीनं पुसून त्यांना नवा रंग देतात, दुसऱ्या दिवशी हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. त्या दिवशी मग एकही मशीन चालू करत नाहीत. लोखंडालाही वर्षातून एक दिवस विसावा पाहिजे, असं मामा म्हणतात.

त्या रंगाच्या दिवशी दाल्वा सिन्नरला एका कारखान्यात दोरीसाठी जाड तार बघायला गेली होती, आणि मी घरी माळा ओवत होते. कारखान्याच्या माळा दरवर्षी आमच्याच मळ्यातून जातात.

खंडेनवमीला सकाळी मी फुलांची पाटी घेऊन पोचले, आणि दाल्वा माझ्याबरोबरच रिक्षातून उतरली. यार्डात आलो. तारेवर सगळे कपडे हिरवेगार. मशीनला देतात तो रंग. चादरी हिरव्या, सदरे हिरवे, पोरांची झबली हिरवी, उन्हात चकचकत होती. समोर आमची सगळी माणसं नव्या कपड्यांत, हात मागं बांधून, हसऱ्या तोंडानं उभी. पाहुणीला चकित करायचं म्हणून.

दाल्वा चालत गेली. उलटा हात लावला. रंग अजून ओलसर होता, बोटांना लागला. तिनं वळून विचारलं:

"हे कोणी केलं?"

या प्रश्नाला आमच्याकडे नेहमी तीन-चार माणसं एकदम पुढं यायची. त्या दिवशी तिचा आवाज ऐकून कुणी हाललं नाही. शेवटी भास्करमामाच पुढं झाले.

"आम्ही केलं, बाई. सगळ्यांनी मिळून. कंटेनर दिवाळीनंतर जायचा, मनीषाताई बोलल्या व्हत्या. मंग म्हटलं, माणूस लेकीला परगावी धाडतो तवा कपडे धुऊन धाडतो का नाय? असे डागाचे कपडे कसे पाठवायचे? आपल्या कारखान्याचं नाव जाईल."

मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं. आणि मग, अट मोडून, मी मामांना मराठीत त्या शाळेच्या शर्टावरच्या डागाचं सांगितलं. मामांचं तोंड उतरत गेलं. हातातली टोपी त्यांनी पार चुरगाळली.

शेठ धावत आले. "बाई, काळजी करू नका. ग्राइंडर मारून रंग काढू. आपल्याकडे ॲसिड आहे, एका दिवसात गंज चढतो."

दाल्वा म्हणाली, "माझ्या आईच्या दोरीवर ॲसिड नव्हतं." एवढंच. आणि ग्राइंडर घ्यायला शेडकडे निघाली.

आता गंमत बघा. ज्यांनी चूक केली तेच मामा दारात आडवे उभे राहिले. "बाई, मला मारा. पण आज मशीन चालू नाय व्हनार. पूजा झालीया त्याची."

ते मी तिला इंग्रजीत सांगितलं आणि मला वाटलं आता ही बाई ओरडणार. तिचा हक्कच होता. जन्माचं काम, बापाची जागा, आणि पावसाळा संपलेला. परत गंज चढायला पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं का? दाल्वानं ग्राइंडरकडे पाहिलं. त्याच्यावर हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मग तिनं मामांपुढे स्वतःचे दोन्ही पंजे धरले आणि मला म्हणाली, "विचार त्यांना. याची पूजा झाली आहे का?"

मामांनी मान हलवली. नाही.

"मग हे चालतात."

तिनं थिनरचा डबा उचलला, चिंध्या घेतल्या आणि पहिल्या सदऱ्याशी जाऊन बसली. खांदा दुखत होता, म्हणून डाव्या हातानं पुसायला लागली. मग मामांनी नव्या शर्टाच्या बाह्या सारल्या आणि तिच्या शेजारी बसले. मग एकेक करून सगळेच. कुणाची बायको घरून पुरणपोळ्या घेऊन आली होती, ती डबा ठेवून तीही बसली. सणाच्या नव्या कपड्यांवर हिरव्या रंगाचे डाग पडत होते आणि कुणी बघत नव्हतं. रंग निघत होता, पण त्याच्याबरोबर पावसाळ्याचा लालही चिंधीत उतरत होता. खाली नुसतं कोरं लोखंड. मामांनी त्यांचा तो चौथा सदरा खाली उतरवून, आडवा ठेवून पॉलिश पेपरनं हातानं घासून पार पांढरा केला, आणि घासताना मान वर केली नाही.

संध्याकाळी जाताना दाल्वा मामांपाशी थांबली. "चूक माझी पण," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही." मामांनी ते माझ्याकडून ऐकलं आणि दोन्ही हात जोडले. ती गेली. मग मामांना एक गोष्ट खटकली. यार्डातल्या सगळ्या लोखंडात हे कपडे तेवढे पूजेवाचून राहिले होते. आमच्यातला माणूस ते कसं सोडेल? त्यांनी पाटीत उरलेली एक माळ घेतली, पाणी शिंपडलं आणि आपल्या त्या चौथ्या सदऱ्याच्या छातीवर टाकली. मी बघत होते. मनात आलं, हा माणूस दुसऱ्यांदा तेच करतोय, न विचारता बाईंचं काम सजवतोय.

दसऱ्याला दुपारी आम्ही पंचवटीत रस्त्याकडेला फुलं विकत बसलो होतो, मी आणि आमचे तात्या, माझे वडील. फोन वाजला. दाल्वा. मनीषाचं तिनं मानी केलं होतं, आणि एवढ्या जोरात बोलत होती की तात्यांनासुद्धा ऐकू गेलं.

"मानी! फुलं! जुनी! सगळी!"

तासाभरात ती रिक्षानं पोचली. मोबाइलमध्ये फोटो. रात्रभरात त्या ओल्या माळेखाली कोऱ्या लोखंडावर प्रत्येक फुलाचा ठसा उठला होता. मध्ये काळा, कडेला नारिंगी, पाकळी न पाकळी. सदऱ्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, अगदी दाल्वाच्या शाळेच्या शर्टावर डाग होता तिथं.

दसऱ्याला झेंडूचं काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. सकाळी सोनं, दुपारनंतर कचरा. उरलेला माल परत न्यायला परवडत नाही, लोक तिथंच ओतून जातात. दाल्वा त्या नारिंगी ढिगांत उभी राहिली. तात्या मला म्हणाले, "पाहुणी हाय, तिला चांगली फुलं दे गं."

"तात्या, तिला सडकी पाहिजेत."

"सणाच्या दिवशी सडकी?" तात्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिनं ओंजळभर फुलं उचलली, उलटा हात लावला आणि विचारलं, हे कोणी केलं. तात्या गडबडले. आयुष्यभर त्यांना लोकांनी भाव विचारला होता. "मी," ते म्हणाले. "म्हणजे वावरानं केलं. मी पाणी दिलं." मग त्यांनी शेजारच्या दोन-चार जणांना हाक मारली आणि टेम्पो भरून झेंडू सातपूरला गेला.

पुढचे दिवस आमच्या कारखान्यात कुणी नाक उघडं ठेवून हिंडलं नाही. कपडे आडवे अंथरलेले, त्यांच्यावर झेंडूचा थर, त्यावर पोती. पाळी बदलताना जाणारानं पाणी मारायचं, येणारानं मारायचं. माश्या, वास. शेठ रुमाल लावून यायचे. "मनीषा, हा कारखाना आहे की उकिरडा? पार्टी आली की मला तोंड दाखवायला जागा नाही." पण पोती काढा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. दाल्वा कुणाला खाली डोकावू द्यायची नाही, स्वतःही बघायची नाही. दिवाळीला आम्ही फराळ दिला, तिनं चकली उचलून माझ्या आईला विचारलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

जेव्हा पोती काढली आणि फुलांचा काळा लगदा धुतला, तेव्हा सगळी शेड भोवती गोळा झाली. लोखंडावर मळा उमटला होता. फुलांवर फुलं, लाल, काळी, विटकरी, कुठं नुसत्या पाकळ्यांची सावली. परकरावर दाट, झबल्यावर एखाददुसरं. आणि घड्यांत, कॉलरच्या आत, जिथं चिंधी पोचली नव्हती तिथं थोडासा हिरवा. मामा लगेच पॉलिश पेपर घेऊन सरसावले. दाल्वानं त्यांचा हात धरला. धुतलेल्या कपड्याच्या शिवणीत साबण राहतो ना, ती म्हणाली. राहू दे.

तिच्या गावच्या दालनातल्या बाईंनी व्हिडिओ कॉल केला. त्यांनी साधा गंज मान्य केला होता, हे काय भलतंच, असं त्यांचं चाललं असावं. पोर्तुगीज मला येत नाही, पण तक्रार कुठल्याही भाषेत कळते. दाल्वानं वाद घातला नाही. तिनं फोन त्या सदऱ्यासमोर धरला आणि धरून ठेवला. पलीकडचा आवाज चालू होता, मग हळू झाला, मग थांबला. मग तिकडून एकच छोटं वाक्य आलं. दाल्वा हसली. मी पहिल्यांदाच तिचे सगळे दात पाहिले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारते, हे कोणी केलं."

आणि तिनं फोन फिरवला. कोपऱ्यात भास्करमामा भाकरी खात बसले होते. परदेशातली बाई आपल्याकडे बघतेय हे कळल्यावर त्यांनी भरल्या तोंडानं भाकरीचाच हात वर केला.

दोरी गेली, लागली, तिच्या बापाच्या जागेवर. फोटो आले. शेठनी ते मोठे करून ऑफिसात लावलेत, येणाऱ्या प्रत्येक पार्टीला ते आधी फोटो दाखवतात आणि मग टाकीचा भाव सांगतात. एका फोटोत दाल्वा चांगला काळा झगा घालून, लोकांच्या गर्दीत, दोरीखाली उभी आहे. लोक म्हणतात छान आलीय. मला मात्र ती तशी आठवत नाही.

मला आठवते ती जायच्या सकाळची. कंटेनर पुढं गेला होता. विमानतळाची गाडी फाटकाशी उभी. सगळ्यांना भेटून झालं होतं, मामांनी तिला त्यांचा तो जुना शर्ट धुऊन, इस्त्री करून, कागदात बांधून दिला होता. ती गाडीत बसली, आणि गाडी फाटकातून निघता निघता थांबली. दाल्वा खाली उतरली. मला वाटलं काही विसरलं. ती फाटकाकडे गेली. आमचं फाटक साधंच, जाड सळ्यांचं, वर भाल्याची टोकं. इतके महिने ती त्यातून रोज ये-जा करत होती. तिनं उलटा हात एका सळीला लावला, क्षणभर गप्प उभी राहिली, आणि पवारबाबांना विचारलं:

"हे कोणी केलं?"

पवारबाबा सलामाच्या तयारीत होते, ते तसेच राहिले. "काय म्हाईत, दळवी मॅडम. मी आलो तवाबी व्हतं."

तिनं बोट हलवलं. "छान नाही." आणि गाडीत बसून गेली. मागं वळून पाहिलं नाही. गाडी त्र्यंबक रोडकडे वळेपर्यंत आम्ही बघत होतो.

मग मी आत जायला निघाले. पवारबाबा फाटक लावत होते. लावता लावता थांबले, आजूबाजूला बघितलं, आणि हळूच आपला पंजा उलटा करून सळीला टेकवला.

"मनीषाताई," ते म्हणाले, "कोणी केलं असंल हो हे?"